पुरं रिपीट

आश्रुबानं रूळ बदलायचा तीन नंबरचा खटका दोन्ही हातांनी ओढून जागेवर बसवला आणि मागं न बघताच म्हणाला, "आता पाचाला हात घाल. ओढ."

कुसुमनं पदर खोचला, पाच नंबरच्या लोखंडी खटक्याला हात घातला आणि जोर लावला. खटका हलला नाही. मग तिनं एक पाय खालच्या पट्टीला टेकवला, दातओठ खाल्ले. तरी ढिम्म.

"न्हाई हलत, बाबा."

"हलणारच न्हाई. तुझा बाप बी हलवू शकत न्हाई आन् बापाचा साहेब बी." आश्रुबाच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, जणू ही सगळी यंत्रणा त्यानंच घरी बसून घडवली. "तीन ओढला की पाच बंद. खाली सळया हायत, त्या एकमेकीला अडवून धरत्यात. एका रुळावर दोन गाड्या सोडायचं कुणाच्या डोक्यात आलं, तरी खटके सोडत न्हाईत."

चुडावा स्टेशनच्या केबिनमध्ये बाहेरच्या माणसाला मनाई होती. पण स्टेशन मास्तर रंगनाथरावांनी दुपारचा डबा उघडताना खिडकीकडं पाठ केली होती आणि कुणाला तरी ऐकू जावं अशा बेतानं मोठ्यानं म्हटलं होतं, "पूर्णेहून पाऊण तास काही सुटत नाही. मी जेवतोय. जेवताना मला केबिन दिसत नाही." माणूस चांगला होता.

हा सगळा हट्ट आश्रुबाचाच. कुसुम त्याची एकुलती एक पोरगी. औरंगाबादच्या विद्यापीठात सहा वर्षं ती भौतिकशास्त्रात संशोधन करत होती. प्रबंध लिहून झाला होता, मद्रासकडच्या एका मोठ्या प्राध्यापकांनी तो तपासला होता आणि येत्या गुरुवारी तोंडी परीक्षा होती. आता पोरीनं हसतखेळत घरी यावं की नाही? पण रविवारी ती आली ती तोंड एवढंसं करून. चतुराबाईनं, तिच्या मायनं, खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठं कळलं. मागच्या महिन्यात विभागात सगळ्यांसमोर तिला आपलं काम सांगायला उभं केलं होतं. तिनं फळाभर गणितं झरझर मांडली. मग एक पाहुणे प्राध्यापक म्हणाले, हे सगळं पुसा आणि साध्या शब्दांत सांगा, तुम्ही नेमकं केलं काय? आणि कुसुमची दातखीळ बसली. मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणालं, "पाठांतर आहे, दुसरं काय!" दोघं-तिघं हसले.

हे ऐकून आश्रुबाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती.

"पाठांतर!" तो म्हणाला होता. "मालधक्क्याच्या भितीवर इंजनातल्या कोळशानं गणितं करायचीस, तव्हा कुणाचं पाठ करायचीस गं? मास्तर भिताड पुसून पुसून बेजार! चल उद्या केबिनवर. मला सांग. मला कळलं तं त्या साहेबाच्या सात पिढ्यांला कळंल."

आश्रुबाची एक अट मात्र होती. रेल्वेत मास्तरानं हुकूम दिला की आश्रुबासारख्या खटके ओढणाऱ्या पॉइंट्समननं तो आपल्या तोंडानं परत म्हणून दाखवायचा असतो. मास्तर म्हणणार, "एक नंबर लाईन लाव," की यानं म्हणायचं, "एक नंबर लाईन लावतो, साहेब." याला आश्रुबा रिपीट म्हणे. सव्वीस वर्षांत रिपीट केल्याशिवाय त्यानं खटक्याला हात लावला नव्हता आणि अर्धंमुर्धं रिपीट त्याला चालत नसे. घरी चतुराबाईनं "येताना मीठ आणा, काडेपेटी आणा" असं सांगितलं, तरी "मीठ, काडेपेटी" म्हटल्याशिवाय गडी उंबरा ओलांडायचा नाही. "नवरा हाय का ठेसन!" म्हणून ती वैतागायची.

"तू सांग, मी रिपीट करतो," आता तो म्हणाला. "चुकलं तं पुन्ना सांग. बराबर येईस्तोवर सोडायचं न्हाई."

कुसुम जरा घुटमळली. "बाबा, माणसाला आठवतं कसं, ते मी बघायले. मेंदूत लय बारीक पेशी असत्यात, एकमेकीला जोडलेल्या. तसलं एक जाळं मी कंप्युटरवर मांडलं. दरेक पेशी एक तं वर, न्हाई तं खाली."

"मेंदूत खटके असत्यात," आश्रुबानं रिपीट केलं. "वर न्हाई तं खाली. एका खटक्यात एक आठवण ठिवलेली असती."

"न्हाई. एका खटक्यात कायबी नसतं."

"मंग आठवण असती कुठं?"

विभागात साध्या शब्दांत कुसुमला सांगता आलं नव्हतं ते हेच. तिची नजर खटक्यांवरून खाली गेली, फळ्यांच्या फटीतून तेल प्यालेल्या सळया दिसत होत्या तिथं.

"बाबा, ह्या पाच नंबरला ठावं हाय का, कोणती गाडी यायली?"

"त्याला काय ठावं? लोखंड हाय ते."

"आन् तीन नंबरला?"

"त्याला बी न्हाई."

"पण समद्यांचं मिळून ठरतं, गाडी कोणत्या लाईनीवर घ्यायची. ते कशामुळं?"

"सळयांमुळं," आश्रुबा म्हणाला आणि मधेच थांबला. त्याचे डोळे बारीक झाले. "म्हंजी आठवण खटक्यात नसती. सळयांत असती. कोण कुणाला ओढतं, कोण कुणाला अडवतं, त्याच्यात."

कुसुम बाकड्यावर बसलीच. "हां," ती म्हणाली. "त्याच्यात."

मग मात्र तिची गाडी थांबेना. लोखंडात बारीक बारीक चुंबकं असतात, ती शेजारच्या चुंबकाला आपल्याकडं वळवतात; त्यांचं जे गणित तेच या जाळ्याला लागू पडतं, म्हणून भौतिकशास्त्रवाली मेंदूत घुसली. कंप्युटरला अर्धाच चेहरा दाखवला तरी उरलेले खटके आपोआप पडत जातात आणि पुरा चेहरा उभा राहतो. आश्रुबा एकेक रिपीट करत गेला. "धुरपता आत्याचं नुसतं खोकणं आयकू आलं की आख्खी आत्या आठवती, तसं," असं त्यानं मधेच आपल्या पदरचं घातलं, तेही बरोबर निघालं.

"पण हे समदं आधी दुसऱ्यांनीच काढलेलं," कुसुम म्हणाली. "मी काय केलं, तं सळया तोडल्या. कोणत्याबी, निवडून न्हाई. आन् बघितलं की आठवण कुठवर टिकती. जोडणी कशी ठिवली तं लय तोडली तरी टिकती, ते मी शोधलं. माझ्या जाळ्यात धा सळयांतल्या तीन तोडल्या तरी आठवण पुरी येती."

आश्रुबा खिडकीपाशी गेला. रुळांच्या पलीकडं, दोन कोसांवर त्याचं गाव होतं. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि गावोगाव दलित वस्त्या पेटल्या, त्यात त्याच्या थोरल्या भावाचं, सितारामचं, घर गेलं. राखेत उभं राहून आश्रुबा म्हणाला होता, त्या विद्यापीठाच्या कमानीखालून मी जाईन तो पाटीवर बाबासाहेबांचं नाव लागल्यावरच. याला आता बारा वर्षं होत आली, पाटी अजून जुनीच होती. पोरीला त्यानं तिथंच शिकायला घातलं. "तू जा, आपलं एक माणूस आत पायजे," म्हणाला. स्वतः मात्र एकदाही कमान ओलांडली नाही. तिचा एम.एस्सी.चा निकालसुद्धा त्यानं रस्त्यावर उभं राहून ऐकला होता.

"धातल्या तीन सळया तोडल्या," तो खिडकीतूनच म्हणाला, "तरी इसरत न्हाई."

"बराबर," कुसुम म्हणाली. मग ती उठून त्याच्या शेजारी गेली. "बाबा, गुरुवारी आत या. पुढच्या बाकावर बसा. तुमी समोर असले की मला सांगता येतं, आत्ता बघितलं न्हाई का? तेवढं एकडाव या."

आश्रुबानं खांद्यावरच्या फडक्यानं तीन नंबरचा खटका पुसला. तो आधीच लख्ख होता.

"हे रिपीट माझ्यानं हुणार न्हाई, बाई," तो म्हणाला.

तिनं आग्रह केला नाही. बापाला ती ओळखून होती. पूर्णेहून गाडी सुटल्याची घंटा झाली आणि आश्रुबा कामाला लागला.

गुरुवारी दुपारी तिघं कमानीपाशी रिक्षातून उतरली. चतुराबाईनं नवं इरकल नेसलं होतं आणि तिचं तोंड सकाळपासून चालू होतं.

"चला की आत. त्या पाटीला काय डोळे हायत, तुमी गेलेलं बघायला?"

"मला हायत," आश्रुबा म्हणाला.

"जय भीम, बाबा," कुसुम म्हणाली. त्यानं तिचा हात हातात घेतला आणि सोडला. मग मायलेकी आत गेल्या. वळणावर कुसुमनं एकदा मागं बघितलं.

आश्रुबा रस्त्याच्या कडेला उभा राहिला. ऊन कलू लागलं तशी कमानीची सावली त्याच्या पायाशी आली. तो दोन पावलं मागं सरला. सावली पुन्हा आली, तो पुन्हा सरला. शेजारी टपरीवर चहा गाळणारा हे बघत होता.

"आत जायचं हाय का, बाबा?"

"न्हाई. पोरगी गेली. तिची परीक्षा हाय."

"कशाची?"

"माणसाला आठवतं कसं, त्याची," आश्रुबा म्हणाला आणि पाटील पंचायतीत बोलतो तशा ठसक्यात त्यानं खटक्यांपासून सळयांपर्यंत सगळं सांगितलं. टपरीवाल्यानं किटली खाली ठेवून ऐकलं. दोन गिऱ्हाइकंही थांबली. हे सांगताना त्याला फार बरं वाटत होतं, आणि सांगून झाल्यावर एकदम भीती वाटली. आत्ता आत कोणीतरी विचारत असेल. पोरीची दातखीळ बसली असेल, मागच्या बाकावर हसत असतील, आणि समोर बाप नाही. आपल्या शब्दासाठी आपण पोरीला एकटं सोडलं, असं त्याच्या मनात आलं. त्यानं पाय उचलला. पाऊल सावलीच्या कडेवर आलं. तिथं ते कितीतरी वेळ तसंच राहिलं, आणि मग त्यानं ते मागं घेतलं. त्याला स्वतःचा राग आला होता आणि डोळ्यांत पाणीही आलं होतं.

आधी चतुराबाई आली, पदर सावरत, जवळजवळ पळत.

"अहो, आयका! मद्रासच्या साहेबानं तेच इचारलं. म्हनले, साध्या भाषेत सांगा. मला वाटलं, झालं आता! पोरगी इतकुशी बी घाबरली न्हाई. म्हनली, सर, माझे वडील चुडाव्याला खटके ओढत्यात. आन् मंग खटके, सळया, समदं सांगितलं. साहेब खुर्चीतून पुढं सरकून आयकायले! मागच्या बाकावर चिडीचूप!"

पाठोपाठ कुसुम आली. ती कमानीबाहेर, उन्हात येऊन थांबली.

"रिपीट करा, बाबा. तोंडी परीक्षा पास. पीएच.डी. मंजूर."

"तोंडी परीक्षा पास! पीएच.डी. मंजूर!" आश्रुबा धावत्या इंजिनाला ऐकू जावं एवढ्यानं म्हणाला. टपरीवाल्यानं टाळ्या वाजवल्या.

"अजून एक हाय," कुसुम म्हणाली. "आत इचारलं, पदवीदानाला येऊन पदवी घेणार का? मी न्हाई म्हनले."

"कामून?"

"नोकरीला कच्चा दाखला चालतो. पक्का कागद मी पाटी बदलल्यावर घेईन. तुमच्यासंगं आत जाऊन."

शब्द आश्रुबानं दिला होता, पोरीनं नाही. तिला तो पाळावा लागू नये म्हणून तर बारा वर्षं तो एकटा बाहेर उभा होता.

"येडी का खुळी? सहा वर्सं खपलीस. किती साल लागतील, ठावं हाय का?"

"तुमाला ठावं होतं का?"

आश्रुबानं कमानीवरच्या पाटीकडं बघितलं.

"रिपीट, बाबा."

"पाटी..." तो म्हणाला.

"अर्धं चालत न्हाई."

आश्रुबानं टोपी काढली, फडक्यानं तोंड पुसलं, टोपी पुन्हा नीट घातली. मग मास्तरासमोर उभा राहतो तसा ताठ उभा राहिला. "पाटी बदलली की आमी दोघं आत जाऊ."

"दोघं?" चतुराबाई कडाडली. "रिपीट चुकलं तुमचं! आन् मी आत्ता आत गेले ते काय कामाचं? ते मी धरतच न्हाई."

सव्वीस वर्षांत हुकमाचं रिपीट आश्रुबाकडून पहिल्यांदाच चुकलं होतं. त्यानं चतुराबाईकडं बघितलं, पोरीकडं बघितलं, मग कमानीकडं वर मान करून, स्वच्छ, ठणठणीत आवाजात ते दुरुस्त केलं.

"पाटी बदलली की आमी तिघं आत जाऊ."