हत्तीची भिंत

आमच्या कायद्यात सणाच्या मांडवाला भिंत कशाचीही चालते. फळ्यांची, कापडाची, जुन्या दारांची. हत्ती बांधून उभा केला तरी ती भिंत. हत्ती मेला तरी हरकत नाही, कारण मेलेला हत्तीही पुरेसा उंच असतो. यातलं एक अक्षर माझ्या पदरचं नाही. माझ्या पदरचं पुढे येईल, ते तुम्हाला आपोआप कळेल.

मी सोफे-खुर्च्या मढवणारा. ओहायोतल्या या गावात चाळीस वर्षं काढली. दर शरदात विद्यापीठाच्या ग्रंथालयामागे आमची ज्यू मुलं मांडव घालतात, त्याच्या कापडी भिंती मी शिवून देतो. वर फांद्यांचं छप्पर, त्यातून आकाश दिसायला हवं, आणि सणभर जेवायचं त्याच्यातच. भिंती निदान तीन हव्यात, नाहीतर तिथलं जेवण धरत नाहीत. मागची भिंत ग्रंथालयाची, विटांची. डावी-उजवी माझी. पुढची बाजू उघडी.

यंदा सणाच्या पहिल्याच सकाळी प्रार्थना उरकून चालत पोचलो, तर माझ्या दोन्ही भिंती वरपासून खालपर्यंत फाडलेल्या. एका चिंधीवर लाल रंगात लिहिलेलं: घरी जा.

"कुणाच्या घरी?" मी म्हटलं. "तिर्झाचं घर बसनं चाळीस मिनिटांवर. येताना धुवायचे कपडे आण, असं तिच्या आईनंही सांगितलंय."

तिर्झा हसली नाही. रसायनशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मुलांच्या मंडळाची अध्यक्ष. गेल्या वर्षी मांडवात तीस मुलं जेवायला बसायची, यंदा नऊ. बाकीच्यांनी गळ्यातला सहा टोकांचा ज्यू तारा शर्टाच्या आत सरकवला होता. दोघांनी तर खोलीच्या चौकटीवरची प्रार्थनेची डबी काढून मोज्यांच्या खणात ठेवली होती.

तिच्यासमोर विद्यापीठाच्या सुरक्षेचे हॅलोरनसाहेब कागद घेऊन उभे होते.

"तळघरात खोली देतोय," ते म्हणाले. "खिडकी नाही. दाराला आकडे दाबायचं कुलूप. यापुढे तुमचं सगळं तिकडे. इथे सही कर."

"आज सण आहे. आज आम्ही लिहीत नाही."

"मग नुसती मान हलव. एक वाजता मला वर कळवायचंय. जो मांडव वापरताच येत नाही, तो मी उभा ठेवायचा कशासाठी?"

माणूस वाईट नव्हता. मला बाजूला घेऊन म्हणाले, "पिंखस, यांच्यातल्या एकाला जरी काही झालं, तर त्याच्या आईला फोन मला करायचाय. तुम्हाला नाही."

"आजोबा, शिवता येईल?" तिर्झानं हळूच विचारलं.

"आज सुई धरायची नाही."

"पिना लावल्या तर?"

"पोरी, आज भिंत बांधायचीच नाही. कशानंच."

"मग हलवते मान." तिनं ती लाल अक्षरांची चिंधी घडी घालून खिशात ठेवली. "तळघर तर तळघर. निदान घाबरलेले तरी येतील."

"येतील. फक्त वर यायला पुन्हा कोणी बोलावणार नाही."

साडेबारा होत आले होते. तेव्हा मला कायद्यातलं पुढचं कलम आठवलं. हत्ती नसेल तर माणसंही भिंत म्हणून चालतात, खांद्याला खांदा लावून उभी असली तर. मात्र सणाच्या दिवशी एक अट आहे: आपण भिंत आहोत हे त्यांना ठाऊक नसावं. सांगून उभं केलं, की ते बांधकाम झालं.

मी तिच्या कानात सांगितलं.

"ही फसवणूक आहे," ती म्हणाली.

"ही गोष्ट आहे. तू पानं मांड."

मी मेजाच्या टोकाला खुर्ची ओढली आणि उघड्या बाजूला पाठ करून बसलो. सांगणाऱ्याचं तोंड दिसल्याशिवाय लोकांना ऐकल्यासारखं वाटत नाही, आणि माझं तोंड फक्त डावी-उजवीकडून दिसत होतं.

"माझे फिशल काका," मी खणखणीत आवाजात सुरू केलं, "तिकडे जुन्या देशात. त्यांच्या मांडवाची भिंत शेजाऱ्यांनी चुलीत घातली. मग काकांनी सर्कशीतली हत्तीण आणून बांधली. नाव बेर्ता."

हातात चेंडू घेतलेल्या दोन मुली थांबल्या. कानांवर हेडफोन घातलेल्या एका पोरानं एक कान मोकळा केला. भोजनालयाचा स्वयंपाकी सिगारेट ओढायला बाहेर आला होता, तोही आला. ग्रंथालयातून बाई आल्या, त्या बहुधा मला गप्प करायला.

"पहिल्या रात्री बेर्तानं छप्पर खाल्लं. दुसऱ्या रात्री पाव्हण्यांची टोपी. पण चौथ्या दिवसापर्यंत इतकी धार्मिक झाली, की आशीर्वाद म्हटल्याशिवाय गवताला सोंड लावीना."

"वजन किती होतं तिचं?" हॅलोरननी विचारलं. ते सँडविच खात उजव्या रांगेत घुसले होते.

"काकूच्या दुप्पट. मग एका संध्याकाळी गावातली टोळकी दगड घेऊन आली. पहिला दगड भिंतीला लागला. आणि भिंतीनं मान वळवून बघितलं."

"पुढे काय झालं?" हेडफोनवाला.

"नुसतं बघितलं. बराच वेळ. दुसऱ्या दिवशी त्यांतला एक जण सफरचंद घेऊन आला."

तोवर मागून रेटा वाढला आणि दोन्हीकडे कोपराला कोपर लागला. माझ्या पुढ्यात नऊ मुलांनी आशीर्वाद म्हटला, पाव मोडला, सूप वाढलं. सूप संपेपर्यंत मी बेर्ताला तीन गावं हिंडवली आणि एका मेयरच्या मांडीवर बसवली.

सव्वा वाजता हॅलोरननी घड्याळ पाहिलं. "तुमचं जेवण झालं?"

"झालं," तिर्झा म्हणाली. तिनं मान हलवली नाही. जाणूनबुजून ताठ ठेवली.

त्यांनी कागदाची घडी केली, फोन काढला आणि वर सांगितलं, "वापरात आहे."

दुसऱ्या दिवशी पाऊस होता. पावसात मांडवात जेवायची सक्ती नाही. तिसऱ्या दिवसापासून कायदा जरा सैल होतो: गरजेपुरती सुई चालते, आणि माणसांना तोंडावर विचारून भिंत केलं तरी चालतं. मी सुई-दोरा घेऊन गेलो.

"थांबा आजोबा," तिर्झा म्हणाली. "आधी विचारून येते."

"कशाला? बेर्ता अजून जिवंत आहे."

"परवा त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत असूनही उभे राहणारे हवेत."

ती अंगणात गेली. लांबून शब्द ऐकू येत नव्हते, पण दिसत होतं सगळं. हेडफोनवाल्या पोरानं ऐकून घेतलं, जमिनीकडे बघितलं, मनगटावरचं घड्याळ दाखवलं आणि निघून गेला. चेंडूवाल्या मुलींपैकी एक आली. दुसरी मैत्रिणींच्या घोळक्याकडे पाहत तिथंच थांबली. ग्रंथालयाच्या बाई चष्मा पुसत आल्या. स्वयंपाकी ओल्या हातांनीच आला.

हॅलोरन सगळ्यांत शेवटी आले.

"म्हणजे परवा मी भिंत होतो?"

"उत्तम होतात," मी म्हटलं.

"मला कुणी सांगितलं नाही."

"सांगितलं असतं तर भिंत म्हणून चालला नसतात."

ते बराच वेळ त्या फाटक्या कापडाकडे पाहत राहिले. "तळघराची खोली अजून रिकामी आहे," ते तिर्झाला म्हणाले.

"माहीत आहे. लागली तर मागेन."

"हं. आज कुठल्या बाजूला उभं राहू?"

चार जण झाले. डावीकडे पुरले. उजवी बाजू मी शिवायला घेतली, आणि टाके मुद्दाम लांब लांब घातले, म्हणजे उद्या आणखी कोणी आलं तर उसवायला सोपं.