कोंडाजीची चाळीस कलमं

कोंडाजीच्या चाळीस कलमांवर पहिल्यांदा फळ ठेवलं ते २००७ च्या उन्हाळ्यात. अढीतला आंबा पिकल्याचा त्याचा निरोप आला तेव्हा त्याची बहीण अनसूया माणजवळच्या चांदे गावातल्या आपल्या नर्सरीत मोगऱ्याच्या कुंड्या हिरव्या जाळीखाली सरकवत होती. उन्हाळ्यात तिला घटकाभर कुठं जाता येत नसे. ऊन तापायच्या आत एकदा आणि उन्हं कलल्यावर एकदा, तीन-चार हजार पिशव्यांवर पाईप फिरवावा लागे. एखादी ओळ राहिली की दुपारपर्यंत रोपांनी माना टाकल्याच. तरी त्या दिवशी पाईप नवऱ्याच्या, विश्रामच्या हातात देऊन ती माणला, माहेरी गेली.

माणमधली त्यांची बरीचशी जमीन हिंजवडीच्या आयटी पार्कात गेली होती. कोंडाजीकडं एक एकर उरला होता. शेजारच्यांनी उरल्या तुकड्यांवर खोल्या बांधल्या, नोकरदार पोरं भाडेकरू ठेवली आणि शेतीचा विषय संपवला. कोंडाजीला ते पटेना. तेव्हा, २००२ साली, अनसूयेनंच त्याला हापूस लावायला सांगितलं. कलमं तिनं स्वतः टेम्पोत चढवली. "पयली चार वर्सं मव्हर खुडून टाक, दादा. झाड आदी अंगानं भरू दे," असंही बजावलं. त्यानं अक्षरशः तसं केलं. दर माघात मोहोर खुडताना त्याच्या बायकोचा, नलिनीचा जीव तुटायचा. वैशाखात विहीर आटली की तो पिंपानं पाणी आणून आळी भरायचा. लोक हसायचे. तो पुढचं पिंप भरायला जायचा.

अनसूया ओसरीवर टेकली तशी नलिनीनं अढीतले चार आंबे परातीत आणून ठेवले. लांबोडके, टोकाला चोच आलेले. कापायच्या आधी अनसूयेनं एक उचलून उलटसुलट करून पाहिला.

"खा," कोंडाजी म्हणाला.

तिनं फोड तोंडात घातली. आंबट. दातांत दोरे अडकले.

"ह्यो हापूस हाय?"

"न्हाई, दादा."

"मंग काय हाय?"

"रायवळ. गावठी आंबा."

नलिनी दारात उभी होती. "तुमाला ठावं न्हवतं, वन्सं?"

"पोरांची शप्पत, वयनी. न्हवतं."

कोंडाजीचा आवाज चढला नाही. "नर्सरी तुजी. पाटीवर नाव तुजं. कलमं तू चढवलीस. आन तुला ठावं न्हाई, व्हय?"

परतीच्या वाटेवर तिला सगळं उलगडत गेलं. विश्रामनं ती कलमं बांधली त्या पावसाळ्यात आई आजारी होती म्हणून ती दोन महिने माणला, कोंडाजीच्याच घरात होती. परतली तेव्हा पिशव्या तयार होत्या, ओळीत मांडलेल्या, हापूस म्हणून.

विश्राम ओळीनं जास्वंदीला पाणी देत होता. तिनं विचारलं तेव्हा त्यानं पाईप खाली ठेवला नाही.

"त्या साली कोकणातनं कलमाला हापूसच्या काड्या आल्याच न्हाईत. बांधावरच्या आंब्याच्या बांधल्या. मंग काय, गिऱ्हाईक माघारी लावायचं?"

"आन माज्या भावाला बी त्याच दिल्या?"

"त्याला न्हाई म्हणलो असतो तर तुला कळलं असतं."

एवढं बोलून तो पुढच्या ओळीकडं वळला. अनसूयेला वाटलं, हा माणूस निदान ओशाळेल. पाच वर्षं ती गिऱ्हाइकांना तोंड भरून सांगत आली होती, आमच्याकडं फसवाफसवी न्हाई. तो शेजारी उभा राहून ऐकत आला होता.

आठ दिवसांनी ती पुन्हा माणला गेली. कोंडाजी बांधावर बसला होता.

"दादा, झाडं कमरंएवढी छाटू. नवी फूट आली की त्यावर खऱ्या हापूसच्या काड्या मी बांधते. काड्या मी सोता जाऊन आणते. तीन वर्सांत फळ येतंय."

"विश्रामला ठावं हुतं?"

अनसूया म्हणाली, "व्हय."

कोंडाजीनं हातातलं ढेकूळ चुरलं. "आईचं तू लई केलंस. त्ये मी इसरणार न्हाई. पर तुज्या हातचं आता नगं."

"तीनच वर्सं, दादा."

"पाच दिली की तुला."

त्याच महिन्यात झाडं तोडली गेली. पावसाळा सरल्यावर तिथं पाया खणला आणि वर्षभरात बारा खोल्या उभ्या राहिल्या. अनसूयेनं हापूसची कलमं ठेवणं बंद केलं. विश्राम त्यावरून दोन दिवस धुसफुसला, मग निवळला. ती मात्र कामापुरतंच बोलायची. दुसरीकडं जायला तिला घर नव्हतं. माहेर होतं ते संपलं होतं.

२००९ च्या एप्रिलात एक मुलगी नर्सरीत आली. मृण्मयी तिचं नाव. परभणीकडची, हिंजवडीत नोकरीला. तिनं मोगरा घेतला, मग तुळस घेतली आणि सावलीला स्टुलावर बसून घाम पुसत बोलत राहिली.

"मी माणला राहते. कोंडाजीकाकांच्या खोल्यांत. ओळखता का?"

अनसूया तुळशीभोवतीची माती दाबत होती. "बरं हायेत का त्ये?"

"बरे आहेत. पाणी वेळेवर सोडतात, कुणाला त्रास नाही. पण गंमत म्हणजे, कुंड्या ठेवायच्या म्हटलं तर म्हणाले, कुठूनही आण, चांद्याच्या त्या नर्सरीतून आणू नको." ती हसली. "मला हीच जवळ पडते. तुमचं काही भांडण आहे का?"

पलीकडं विश्राम पाईप घेऊन उभा होता. त्यानं मान वर केली.

"भांडण न्हाई," अनसूया म्हणाली. "आमी त्यांना हापूस म्हणून रायवळ दिला. चाळीस झाडं. त्यांनी पोरासारखी वाढवली."

मृण्मयीनं हातातल्या मोगऱ्याकडं पाहिलं, मग अनसूयेकडं. "हा तरी..."

"मोगराच हाय. पर नगं वाटत असंल तर ठिव."

मुलीनं मोगरा हळूच ओळीत परत ठेवला. तुळसही ठेवली आणि स्कूटी चालू करून निघून गेली.

"झालं समाधान?" विश्राम म्हणाला.

अनसूयेनं त्याच्या हातातून पाईप घेतला. शेवटच्या दोन ओळी अजून कोरड्या होत्या.