चौदा मिनिटं पुढे

आमच्या घरातली सगळी घड्याळं बायकोने चौदा मिनिटं पुढे लावून ठेवलेली असायची, कारण मी कुठेही वेळेवर पोचत नसे; आणि मला ते ठाऊक असल्यामुळे मी दर वेळी मनातल्या मनात चौदा वजा करत असे, त्यामुळे व्हायचा तो उशीर होतच असे. ज्या कॉम्प्युटरवर मी मुद्रितं तपासतो त्यालाही तिने सोडलं नव्हतं. त्यात लिनक्स घातलं तिनेच, आणि इंटरनेटवरून खरी वेळ आणणारी त्याची मूळची सेवा, म्हणजे मागे गुपचूप चालणारा प्रोग्राम, बाजूला सारून स्वतःची एक छोटी सेवा बसवली. तिचं काम एकच, घड्याळ चौदा मिनिटं पुढे ठेवणं.

गेल्या वर्षी एका सकाळी ती म्हणाली, "बरोबर बाराला वर ये. दवाखान्यात जाऊन येऊ." पडद्यावर बारा वाजले तेव्हा मी चौदा वजा केले, हातातली चार पानं संपवली आणि मग वर गेलो. ती पलंगाच्या कडेला, पायात चपला घालून, भिंतीला टेकून बसली होती. डॉक्टरांनी मनगटाकडे पाहून वेळ लिहिली तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्या दिवशी पडद्यावरची वेळ खरी होती.

ती आपोआप खरी झाली की तिने केली, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं, पण वर्षभर कॉम्प्युटरमधल्या नोंदी उघडायचा धीर झाला नाही. मागच्या आठवड्यात मात्र कॉम्प्युटरचं घड्याळ पुढे-मागे उड्या मारू लागलं, मेल उघडेना, नेट दर पाच मिनिटांनी तुटू लागलं, म्हणून मागच्या गल्लीत राहणाऱ्या मेहुण्याला बोलावलं.

"ताईचा कारभार!" तो हसला. "एका म्यानात दोन तलवारी. एक सेवा घड्याळ पुढे ढकलतेय, दुसरी मागे खेचतेय. नेटवर्क सांभाळायलाही दोन-दोन मुकादम बसवलेत, मग भांडणं होणारच."

"त्या दिवशीचं बघ ना जरा," मी म्हणालो.

त्याने जुन्या नोंदी काढल्या आणि त्याचं हसू मावळलं. अकरा चाळीसला तिने स्वतःची सेवा बंद करून मूळची सुरू केली होती, वरच्या खोलीतल्या तिच्या लॅपटॉपवरून, स्वतःचा पासवर्ड घालून. एवढ्या वर्षांत एकदाच तिने मला खरी वेळ दिली होती.

"सोडा आता, भाऊजी," तो हळूच म्हणाला. मग नोंदी चाळता चाळता थबकला. "पण तिची सेवा पुन्हा सुरू कोणी केली? मागच्या सोमवारी. ताईच्याच लॅपटॉपवरून."

"तो तर तू नेलास."

"नेला, डिस्क काढली आणि भंगारात दिला. आठ महिने झाले."

त्याने तिची सेवा पुसून टाकली, नेटवर्कचा एक मुकादम घरी पाठवला, घड्याळ बरोबर लावलं. "आता हलायची बिशाद नाही त्याची," म्हणाला, पण जाताना चहाला थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी घड्याळ चौदा मिनिटं पुढे होतं. नेटची केबल काढून ठेवली, तरी पुढेच. मी त्याला पुन्हा बोलावलं नाही. वजा करायची सवय परत लागली आणि, खोटं कशाला बोलू, बरंही वाटू लागलं.

आज सकाळी त्याचा फोन आला. "भाऊजी, छातीत जरा जड वाटतंय. घाबरू नका, पण बरोबर बाराला या, दवाखान्यात जाऊन येऊ. आणि आज तरी वेळेवर हं!"

पडद्यावर बारा वाजले. मी चौदा वजा केले, हातातली पानं संपवली, चपला घातल्या. बाहेर पडताना ती गेल्यावर घेतलेलं, खरी वेळ दाखवणारं घड्याळ मनगटावर बांधलं. त्यात बारा चौदा झाले होते.

मी वळून पडद्याकडे पाहिलं. तिथेही बारा चौदाच.