पुस्तकात न आलेला माणूस

आईने आयुष्यात एकच कादंबरी लिहिली, पण आमच्या इद्रिया या खाणीच्या गावात ती न वाचलेलं घर सापडायचं नाही. तिच्यातला खाणकामगार नवरा म्हणजे माझे बाबा, लोव्रेन्स, हेही सगळ्या गावाला ठाऊक. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात आई दूर ल्युब्लियाना शहरातल्या इस्पितळात होती. कादंबरीतली बाई तिथे खिडकीशी डोळे लावून बसते आणि नवरा एकदाही येत नाही. गुत्त्यातले दोस्त बाबांना चिडवायचे, "लोव्रेन्स, मी आजारी पडलो तर मात्र ये रे बाबा, नाहीतर आमची ही पण कादंबरी लिहील!" बाबा हसण्यावारी न्यायचे.

आई गेली आणि वर्षभराने कादंबरीवरचा सिनेमा गावात लागला. त्यात नवरा चक्क येतो! बर्फातून, दुधाच्या ट्रकवर बसून. दारातूनच झोपलेल्या बायकोकडे बघतो आणि परत जातो.

मी भडकले. बाहेर पडताच म्हटलं, "पुस्तकाचा कणाच मोडला की! ती एकटी पडते, म्हणून तर ती कादंबरी आहे. यांना नुसतं लोकांना रडवायचंय."

घरी मी बटाट्याच्या सारणाची झ्लिक्रोफी उकळत टाकली, तेव्हा बाबा म्हणाले, "दुधाचा ट्रक नव्हता. पाववाल्याची गाडी होती."

"कुठली गाडी?"

"मी गेलो होतो ना, ती."

मी झारा हातात धरून उभीच राहिले.

"ताप नुकताच उतरला होता तिचा. नर्स म्हणाली, उठवलंस तर बघ! आणि मला पाळीवर परतायचं होतं. म्हटलं, नर्स सांगेलच. तिने सांगितलंच नाही. तुझी आई मनातलं मनातच ठेवणारी. पुढे किती वर्षांनी, इथेच बसून, तिने ते प्रकरण मला वाचून दाखवलं. तेव्हा मला कळलं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"रडत वाचत होती गं. आणि काय सुंदर लिहिलं होतं! सांगितलं असतं तर तिथल्या तिथे फाडलं असतं तिने."

"म्हणजे आई तसंच समजून गेली?"

"छे. शेवटच्या आजारपणात सांगितलं. आधी रडली, मग खोकला येईपर्यंत हसली. म्हणाली, 'गाढवा, इतकी वर्षं! आता गप्पच बस. पुस्तकात तू न आलेलाच बरा.'"

दुसऱ्या दिवशी मी सिनेमाच्या दिग्दर्शिकेला, तादेयाला, फोन लावला. हा प्रसंग सुचला कसा, विचारलं.

"मला कुठला सुचतोय!" ती म्हणाली. "परवानगी घ्यायला मी आले तेव्हा तुमच्या आई अंथरुणावर होत्या. त्यांनी एकच अट घातली. पुस्तक आहे तसं राहू दे, पण तुझ्या सिनेमात त्याला एकदा येऊ दे. का, ते नाही सांगितलं."

बाबा अंगणात मधमाश्यांच्या पेट्या रंगवत होते. मी सांगितलं, तसा त्यांचा हात थांबला.

"मला बोलली नाही," एवढंच म्हणाले. हातातली पेटी रंगवून झाल्यावर हात पुसत त्यांनी विचारलं, "दुपारचा खेळ असतो का?"

या वेळी मी पडद्याकडे कमी आणि बाबांकडेच जास्त बघत होते. नवरा दारात येऊन उभा राहिला, तशी बाबांच्या शेजारची अनोळखी बाई पुटपुटली, "पुस्तकात असं नाहीये!"

बाबा तिच्याकडे जरा झुकले.

"आला होता हो," ते हळूच म्हणाले. "ती झोपली होती."