आंडेर

आशाने खाट उभी करून दाराला लावली, तिला पाठ टेकली आणि पाय जमिनीत रोवले. वारा एकदा दारातून आत शिरला की पत्रे खालून उचलले जातात. दोन वर्षांपूर्वी शेजाऱ्यांचं छप्पर असंच केळीच्या बागेत जाऊन पडलं होतं. दुपारचे चार वाजले होते, पण घरात दिवेलागणीएवढा अंधार होता. आशाचा नवरा आणि धाकटा दीर जगदीश सकाळीच शहाद्याला गेलेले. मागे तिघी बायका.

“आंडेर, तू धाबामा बठ,” सासू म्हणाली. “आशा, दार धर. मी बी धरस.”

आंडेर म्हणजे लेक. हाक होती धाकट्या जावेला, ममताला. ती निमूट मागच्या मातीच्या धाब्याच्या खोलीत गेली. कितीही वादळाचं वावधन सुटलं तरी तिथलं छत हलत नसे.

आशाने ओठ आवळले. तिला या घरात येऊन नऊ वर्षं झाली होती, ममताला अकरा महिने. नऊ वर्षांत सासूने तिला आशा म्हटलं, बहू म्हटलं, रागात आणखीही काही म्हटलं. आंडेर एकदाही नाही. सासू ममताच्या केसांना तेल लावायला बसली की आशा भाकरी जरा जास्तच जोरात थापायची.

“पत्रा पडू द्या मन्हा डोकावर,” ती म्हणाली. “मन्हं डोकं लोखंडनं शे.”

“शे ज,” सासू हसली. “म्हनीसन तं तुले दारले उभं करं.”

झोत आला. दार आत दबलं, खाटेची चौकट आशाच्या खांद्यात रुतली. वर पत्रे थडथडले आणि त्यांच्यावरचा एक दगड घरंगळत अंगणात पडला. सासूही शेजारी खांदा लावून उभी होती.

“तिले बी बलावा ना,” आशा धापा टाकत म्हणाली. “का आंडेरना हात दुखतीन?”

सासूने मागच्या खोलीकडे पाहिलं. मग आशाच्या कानाशी तोंड नेऊन बोलली.

“येडी, आंडेर कितला दिन ऱ्हास घरमा? जगदीशनी सुरतले खोली लिधी. पोळा झाया का दोन्ही जातीन. जानारीले कसाले दार धराले लावू? घर तं तुन्हं शे.”

आशाने पाय आणखी पक्के रोवले. पुढचा झोत तिने जवळजवळ एकटीनेच पेलला.

हळूहळू वारा उतरला, पाऊस सरळ पडू लागला. ममता बाहेर आली.

“ताई, लागनं का तुम्हले?”

“नही.” आशाने खांदा चोळला. “सुरतनी खोली कशी शे वं?”

ममता चपापली. तिने सासूकडे पाहिलं.

“नान्ही शे. चौथा मजला. वर स्लॅब. तुम्हना दीर म्हनतस, वावधन उनं तरी झोपमोड व्हत नही.”

“चौथा मजला,” आशा म्हणाली.

सासूने बाहेरचा कानोसा घेतला. “आशा, खाट सरकाव. पत्रा दखी ये.”

आशा धाब्याच्या खोलीत गेली आणि भिंतीला टेकून बसली. ममता बसली होती ती जागा अजून उबदार होती.

“आशा!”

“बठू द्या थोडं,” ती आतून म्हणाली.

सासूने ममताकडे पाहिलं, मग खोलीकडे. मग दोन्ही हातांनी खाट धरून ती स्वतःच ओढू लागली.