क्रांतीची नऊ चित्रं

माळेवाडीच्या शाळेत दोन संगणक आले, तेव्हा हेडमास्तर आकाराम चौगुले यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे ते झाकून ठेवले. मुंबईला गेलेल्या गावकऱ्यांच्या मंडळानं पाठवलेली ती यंत्रं. हेडसरांनी त्यांच्यावर आपल्या सत्काराच्या दोन शाली पांघरल्या, खोलीला कुलूप ठोकलं आणि दारावर पाटी लावली, ‘पादत्राणे बाहेर. हात स्वच्छ.’ दसऱ्याला यंत्रांना झेंडू वाहिला. सातवीच्या पोरांना कीबोर्ड शिकवला तो फळ्यावर खडूनं काढून. पोरं बिचारी एकेक करून उठत आणि खडूच्या बटणावर बोट टेकवून जागेवर येऊन बसत.

रूपाली कांबळे त्या शाळेत शिक्षण सेविका होती. तिचं हे तिसरं, म्हणजे शेवटचं वर्ष. हेडसरांचा शेरा चांगला गेला तर नोकरी कायम, नाहीतर घरचा रस्ता. बाई स्वभावानं भित्री नव्हती, पण एका शेऱ्यासाठी माणूस काय काय गिळतं ते तीन वर्षांत चांगलंच शिकली होती.

तिच्या वर्गात भूगोलाच्या तासाला अर्धी पोरं जांभया देत आणि क्रांती नावाची एक पोर तर वर्गातच नसे. ती आईबरोबर काजू फोडायला जायची. काजूच्या टरफलातलं तेल बोटांना लागलं की कातडी काळी पडते, सोलते आणि साबण, राख, लिंबू कशालाही दाद देत नाही. रूपाली एकदा तिच्या आईला, तानूबाईला भेटायला गेली.

“शाळंत जाऊन काय करती ती? नुस्ती बसती की,” तानूबाई हातातलं काम न थांबवता म्हणाली.

“बुधवारी तरी पाठवा. संगणक शिकवते तिला.”

तानूबाईनं मान वर केली. “त्यो शालीतला? त्येला हात लावू देत्यात व्हय?”

देत नव्हतेच. पण दर बुधवारी हेडसर मीटिंगला आजऱ्याला जात आणि शिपाई केरबा किल्ली खुंटीला अडकवून चहाला जाई. मग सातवीचा अख्खा वर्ग त्या खोलीत शिरायचा. रूपालीनं पोरांना चित्रं काढायला शिकवलं, ती एकापुढे एक लावायला शिकवलं. पोरांनी ओढे काढले, बैल काढले, हेडसरांच्या मिशाही काढल्या. ज्यांना कोल्हापूर कुठल्या दिशेला ते सांगता येत नव्हतं, ती पोरं नकाशात घाटरस्ते भरू लागली.

आणि क्रांतीनं नऊ चित्रं काढली. पहिल्यात एक गोरा हात काजू उचलतो. दुसऱ्यात नख काळं, तिसऱ्यात बोट. बटण भराभरा दाबलं की तो काळा रंग मनगटापर्यंत चढत जायचा. नवव्या चित्रात ताटात पांढरेशुभ्र काजू आणि ताटाच्या बाहेर तो हात. रूपालीनं ती पुन्हा पहिल्यापासून बघितली. वर्षभर तोंड न उघडलेली पोर तिला म्हणाली, “बाई, आता मी शनवारी बी येतो.”

बातमी हेडसरांच्या कानावर गेलीच. रूपालीला वाटलं, संपलं सगळं. पण हेडसर खूश! पुढच्या आठवड्यात तपासणीला साहेब येणार होते आणि त्यांच्या फॉर्मात ‘संगणकाचा सर्जनशील वापर’ असा एक रकाना होता.

“झकास झालं, कांबळे बाई. दाखवू की साहेबांना. बटण राजवर्धन दाबंल.” राजवर्धन म्हणजे शाळा समितीच्या अध्यक्षांचा नातू.

“सर, चित्रं क्रांतीची आहेत.”

“असू देत की. पण तिचे हात बघितलेत का? साहेबांसमोर बरं दिसतंय व्हय? दारावर पाटी काय लावलीय आपण?” मग आवाज मऊ करून ते म्हणाले, “तुमचा शेरा लिहायचाय अजून.”

रूपालीनं मान हलवली. त्या क्षणी तिला स्वतःची किळस आली, पण मान हललीच.

साहेब आले. बूट काढून, शालींचं कौतुक करून खुर्चीवर बसले. राजवर्धननं पांढऱ्या बोटानं नऊ वेळा बटण दाबलं. साहेब पुढं झुकले.

“वा! हे काळं काळं काय आहे रे?”

राजवर्धननं हेडसरांकडं पाहिलं. हेडसरांनी छताकडं पाहिलं. “शाई असंल की सर,” राजवर्धन म्हणाला.

“शाई!” साहेब उभेच राहिले. “बघा, चौगुले! मूल शिकतं, बोटांना शाई लागते, हात शाईनं भरून जातो आणि शेवटी घरात ताटभर काजू! शिक्षणातून समृद्धी. एवढ्याशा पोराला सुचलं बघा. हे जिल्ह्याला पाठवायचं.” मग ते रूपालीकडं वळले. “बाई, हाच अर्थ ना?”

क्रांती मागच्या भिंतीला टेकून उभी होती, हात पाठीमागं. ती बाईंकडं एकटक बघत होती. एक वाक्य पुरे होतं. ते रूपालीच्या ओठांपर्यंत आलं, तेवढ्यात हेडसरांनी खिशातलं पेन काढून उगाचच टोपण उघडलं.

“होय, सर,” रूपाली म्हणाली.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. हेडसरांनी दटावून ठेवलं होतं तसं क्रांतीनंही वाजवल्या.

शेरा उत्तम गेला. रूपाली कायम झाली, राजवर्धनला कोल्हापुरात ढाल मिळाली आणि साहेबांच्या हुकमानं खोली रोज उघडी राहू लागली. आता किल्ली चोरायची गरजच उरली नव्हती. क्रांती शाळेत येईल की नाही याची रूपालीला धास्ती होती, पण बुधवारी ती आली. रूपालीनं पुढं होऊन शाल काढली, खुर्ची ओढली आणि तिला हाक मारली.

“बस इथं. पहिली पाळी तुझी.”

क्रांती जागेवरनं उठली नाही. तिनं दोन्ही हात बाकावर पालथे ठेवले आणि शांतपणे म्हणाली, “नको बाई. शाई लागंल की मशीनला.”