कार्ड खाली कोण ओढतं?

डोळ्यांच्या दवाखान्यातला ऑपरेशनचा बोर्ड थोरलीनेच बनवला होता. स्क्रीनवर प्रत्येक पेशंटचं एक कार्ड. बोटाने धरायचं, ओढायचं, हवं तिथे सोडायचं, की नंबर बदलला. सॉफ्टवेअरच्या तयार फ्रेमवर्कमध्ये हे चार ओळींचं काम, पण तिचा तोरा केवढा! आणि आता त्याच बोर्डावर तिच्या बाबांचं कार्ड रोज खाली सरकत होतं. त्यांचा एक डोळा गेलेलाच. दुसऱ्याला उशीर झाला तर तोही जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. स्वतः वर ओढावं तर लोक म्हणणार, घरच्यांची सोय लावली.

संशय कुणावर? काउंटरवरच्या बाईवर, दुसरं कोण! तिची मावशी त्याच रांगेत, आधी बाबांच्या लगेच मागे, आता पुढे. शिवाय बाई गोड बोलायची, आणि गोड बोलणाऱ्यांवर थोरलीचा कधीच भरवसा नव्हता.

"मी त्यांच्या कार्डाला हातसुद्धा लावला नाही, ताई," बाई म्हणाली.

चोराच्या उलट्या बोंबा! थोरली तडक डॉक्टरांकडे गेली. त्यांनी बाईला घरी बसवलं.

दोन दिवसांनी कार्ड पुन्हा खाली. कार्ड कोणी ओढलं याची नोंद बोर्ड ठेवतच नव्हता, ती सोय थोरलीने आता केली. दुसऱ्या दिवशी नोंदीत नाव आलं ते तिचं स्वतःचं. म्हणजे आपला पासवर्ड चोरला की काय? जाऊबाईंपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे तिच्या डोळ्यांसमोरून गेले. तशीच ती घरी आली.

बाबा स्वयंपाकघरात टॅब नाकाला लावून बसले होते. त्यांना नंबर बघता यावा म्हणून तिनेच त्यावर आपलं खातं उघडून दिलं होतं. त्यांनी आपल्या कार्डावर बोट दाबून धरलं होतं.

"बोट ठेवल्याशिवाय ओळ सापडत नाही गं," ते म्हणाले. हात कापत होता. बोट खाली घसरलं, त्याच्यासोबत कार्डही. पकडायला कोपऱ्यात वेगळी जागा ठेवायचा थोरलीने कंटाळा केला होता. अख्खं कार्डच कुठूनही ओढलं जायचं.

"बघ, आज पुन्हा एक नंबर मागे," बाबा म्हणाले. "त्या बाईला घालवलंस ते बरं केलंस. आता तिथे कोण बसतं, त्याच्यावरही नजर ठेव."